विकावयाच्या घराची शाकारणी

घर बांधावें कसें, ह्याविषयीं मासिकांतून पुष्कळ लिहिलें जातें. घर सोडावें कसें, ह्याविषयीं मात्र फारसें कोणी लिहीत नाहीं. बांधणाऱ्याच्या मनांत उत्साह असतो आणि सोडणाऱ्याच्या मनांत संकोच असतो, हें त्याचें एक कारण असावें. परंतु गांवोगांवच्या जुन्या घरांतील पुष्कळ माणसें पुण्या-मुंबईस, आणि त्यांचीं मुलें त्याहूनही दूर, जाऊन राहिलीं आहेत. तेव्हां हा प्रसंग लवकर वा उशिरा बहुतेक एकत्र कुटुंबांवर यावयाचाच. त्या वेळीं किमतीच्याही आधीं दुरुस्तीचा प्रश्न निघतो. विकावयाच्या घरावर पैसा घालावा कीं नाहीं, आणि घालावा तर कशावर? आमच्या कुटुंबापुढें हा प्रश्न यंदा वाईस उभा राहिला. त्या निमित्तानें जें पाहिलें व ऐकिलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

पुण्याहून दक्षिणेस निघून खंबाटकीचा घाट ओलांडला, कीं सुरूरपाशीं वाईचा फांटा फुटतो. तेथून पुढें उजव्या हातास डोंगर जवळ येऊं लागतात, पांडवगडाचा माथा दिसूं लागतो, आणि थोड्याच वेळांत आपण कृष्णेच्या कांठीं येऊन पोंचतों. वाईस दक्षिणकाशी म्हणण्याचा प्रघात आहे. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, भीमकुंड आळी असे आळीआळीचे सात घाट नदीस उतरतात, आणि प्रत्येक घाटाचा कृष्णाबाईचा उत्सव निराळा. प्राज्ञपाठशाळा येथलीच, मराठी विश्वकोशाचें कार्यालयही येथलेंच. लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं त्या कोशाचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला, आणि अजूनही वाईकर माणूस परगांवच्या पाहुण्यास ती गोष्ट घाटांच्या बरोबरीनें सांगतो.

आमचें घर नदीपासून दोन गल्ल्या आंत आहे. जोतें काळ्या दगडाचें, खालचा मजला दगडमातीचा, वरची माडी विटांची. मध्यें लहानसा चौक. त्याच्या भोंवतीं ओसरी, माजघर, देवघर व स्वयंपाकघर. मागें परसांत आड आणि तुळशीवृंदावन. काकांच्या पश्चात् गेलीं अकरा वर्षें तेथें काकू एकट्या राहत होत्या. त्यांचें वय आज ८२ आहे. गुडघ्यांमुळें माडीवर जाणें बंद झालें, मग परसांत जाणें कमी झालें, आणि मागल्या श्रावणांत रात्रीं न्हाणीघरांत पाय घसरला, तेव्हां त्यांनीं आपण होऊनच सांगितलें, "आतां हें घर मला झेपत नाहीं. तुम्ही मिळून काय तें ठरवा."

आम्ही वैशाखांत सारे जमलों. ठरवावयाचें होतें तें केवळ भिंतींविषयीं नव्हतें. विक्रीच्या पैशांतील काकूंचा हिस्सा हाच त्यांच्या पुढील आयुष्याचा आधार होता, आणि दुरुस्तीचा खर्च ज्या सामाईक रकमेंतून व्हावयाचा तींत एका भावास वर्गणी घालणेंही कठीण होतें. अशा वेळीं चुकीच्या जागीं खर्च झालेला पैसा कोणाच्या तरी ताटांतला असतो.

दोन मतें लगेच पडलीं. पुण्यास नोकरी करणारा पुतण्या म्हणाला, "अण्णाकाका, घर विकायचं म्हणजे तें आधीं दिसायला हवं. आंत शिरतांच माणसाला प्रसन्न वाटलं पाहिजे." त्यानें अंदाजपत्रकही आणलें होतें: ओसरी व माजघरांत चकचकीत फरशी, सगळ्या भिंतींस सिमेंटचा गिलावा व वर तैलरंग, जुन्या खिडक्या काढून सरकत्या कांचा, एकूण खर्च साडेचार लाख रुपये. माझ्या धाकट्या भावाचें म्हणणें याच्या अगदीं उलट: "घेणारा घर पाडणारच. मग आपण त्यावर दमडी तरी कां घालावी?" दोघांच्याही बोलण्यांत कांहीं तथ्य होतें. म्हणून निर्णय दोन दिवस पुढें ढकलून मी गांवांतील जुनीं घरें पाहत हिंडलों.

गणपती घाटावरचें ढोल्या गणपतीचें देऊळ सर्वांस माहीत आहे. तें गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं बांधिलें. आंतील मूर्तीच्या भव्यपणामुळें यात्रेकरूंची दृष्टि तिच्यावरच खिळते. पण ज्यास घराची चिंता आहे त्यानें देवळाच्या पाठीमागें जाऊन पाहावें. ती मागची भिंत माशाच्या आकाराची, टोंकाशीं निमुळती केलेली आहे. पुराचा लोंढा आला म्हणजे तो ह्या टोंकावर दुभंगून दोहों बाजूंनीं निघून जातो. घाटांवर पाणी चढतें, कित्येकदां देवळांतही शिरतें, तरी अडीचशेंहून अधिक वर्षें देऊळ जागचें हललेलें नाहीं. बांधणाऱ्यानें शोभेच्याही आधीं पाण्याचा विचार केला होता, हें तेथें उभें राहिलें कीं ध्यानांत येतें.

दुसऱ्या दिवशीं मेणवलीस गेलों. वाईपासून तें गांव कोसभर अंतरावर आहे. तेथें नाना फडणविसांचा अठराव्या शतकांतला वाडा, मेणेश्वराचें देऊळ, आणि चंद्रकोरीच्या आकाराचा रेखीव घाट. घाटाजवळ टांगलेली १७०७ सालची पोर्तुगीज घंटा पाहावयास पुष्कळ लोक येतात. २००४ सालीं प्रदर्शित झालेल्या 'स्वदेस' ह्या हिंदी चित्रपटाचें चित्रण ह्या परिसरांत झालें, तेव्हांपासून ही गर्दी अधिक. चौकामागून चौक ओलांडीत जातांना मीं भिंतींवरच्या चित्रांकडे पाहिलें, पण त्याहून अधिक वेळ वळचणीकडे पाहिलें. जेथें छप्पर धड, तेथें खालचें लांकूड धड, आणि जेथें लांकूड धड, तेथेंच चित्रेंही शिल्लक. छपराकडे दुर्लक्ष करून भिंतीवरचें चित्र कोणासही राखतां येणार नाहीं.

ह्याच्या उलट उदाहरण आमच्याच आळींत होतें. एका गृहस्थांनीं दोन वर्षांपूर्वीं आपलें घर विकावयास काढिलें आणि पुतण्यानें सुचविलें तसेंच सारें करून घेतलें. चैत्रांत घर आरशासारखें दिसत होतें. गिऱ्हाइकें आलीं, पाहून गेलीं. बोलणीं लांबत लांबत आषाढ उजाडला. तोंपर्यंत सिमेंटच्या गिलाव्यास फोड आले होते, रंगाचे पापुद्रे सुटले होते, आणि भिंतीच्या तळापासून कंबरेपर्यंत लोणा फुटला होता. मातीची व दगडाची जुनी भिंत जमिनींतून ओल ओढून घेते. मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यांतून ती ओल हळूहळू बाहेर सुकून जाते. सिमेंट व तैलरंग ह्यांनीं तोंड बंद केलें, कीं तीच ओल आंतल्या आंत वर चढते आणि आपल्याबरोबरचे क्षार गिलाव्याखालीं आणून सोडते. ते गिलाव्यास उचलून टाकितात. खर्च गेला तो गेलाच. शिवाय पाहणाऱ्याच्या मनांत शंका आली, कीं ह्या रंगाखालीं आणखी काय काय असेल? तें घर अद्याप विकलें गेलेलें नाहीं.

येथें एका शब्दाचा विचार करण्याचा मोह मास्तरकीमुळें आवरत नाहीं. 'दुरुस्त' हा शब्द फारसी. त्याचा अर्थ खरें, बरोबर, धड. तेव्हां दुरुस्ती म्हणजे जें धड नाहीं तें धड करणें. जें धड नाहीं तें धड आहे असें भासविणें, ह्यास रंगरंगोटी म्हणावें, सजावट म्हणावें. त्यास दुरुस्ती हें नांव देतां येत नाहीं. घर विकतांना ह्या दोहोंची गल्लत फार होते, कारण दोहोंचाही खर्च एकाच वहींत मांडला जातो.

तिसऱ्या दिवशीं आम्हीं गांवांतल्या एका वृद्ध गवंड्यास बोलाविलें. त्यानें घर पाहिलें तें आमच्या मनांत होतें त्याच्या अगदीं उलट्या क्रमानें. ओसरीवर न थांबतां तो प्रथम माडीवर गेला आणि दार-खिडक्या लावून अंधार केला. कौलांतून ज्या ज्या ठिकाणीं उजेडाचे कवडसे आले, त्या त्या ठिकाणीं त्यानें खडूनें खालीं खुणा केल्या. मग जेथें चौकाच्या कोपऱ्यांत छपराचे दोन उतार मिळतात, तेथले वासे चांचपले. नंतर खालीं येऊन प्रत्येक तुळईचें टोंक, जेथें तें भिंतींत शिरतें तेथें, हातोडीनें वाजवून पाहिलें. धड लांकडाचा आवाज खणखणीत येतो, पोखरलेल्याचा भद्द येतो. भिंतीवर वाळवीच्या मातीच्या नळ्या कोठें दिसतात, लोणा किती उंच चढला आहे, न्हाणीचें पाणी कोठें जातें, आडाच्या कांठाचे दगड हलतात कीं काय, हें सारें पाहून शेवटीं तो ओसरीवर बसला, आणि रंगाकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्याचं कांहीं नाहीं. घेणारा आपल्या मनाचा रंग देतोच."

त्याच्या बोलण्यावरून आम्हीं चार प्रश्न तयार केले, आणि प्रत्येक काम त्या प्रश्नांपुढें उभें केलें. पहिला प्रश्न: हें काम आज केलें नाहीं, तर विक्री होईतों घराची हानि वाढत जाईल काय? दुसरा: ह्यापासून कोणाच्या जिवास धोका आहे काय? तिसरा: हा दोष पाहून घेणारा जेवढी किंमत तोडील, ती दुरुस्तीच्या खर्चाहून अधिक असेल काय? आणि चौथा: आपण केलेलें हें काम घेणारा उखडून टाकण्याचा संभव आहे काय? पहिल्या दोहोंपैकीं एकाचेंही उत्तर 'होय' आलें, तर काम करावयाचेंच. तिसऱ्याचें 'होय' आलें, तर शक्तीप्रमाणें करावयाचें. चौथ्याचें 'होय' आलें, आणि आधींच्या तिहींचें 'नाहीं', तर त्यास हातही लावावयाचा नाहीं.

ह्या कसोटीस पुतण्याची फरशी, तैलरंग व सरकत्या खिडक्या टिकल्या नाहींत. त्यानेंही तें मोकळेपणानें मान्य केलें. छपराची शाकारणी मात्र पहिल्याच प्रश्नास उत्तीर्ण झाली. एक कौल फुटलें, कीं वासा भिजतो. वासा भिजला, कीं त्याचें पाणी भिंतींत उतरतें. भिंत ओली राहिली, कीं तुळईचें टोंक कुजतें व वाळवीस वाट मिळते. आमच्या छपरावर मंगलोरी कौलें आहेत. मंगळूर येथें बासेल मिशननें १८६५ सालीं ज्यांचा कारखाना काढिला, त्या जातीचीं हीं कौलें रिपांवर नुसतीं अडकवून ठेविलेलीं असतात. त्यामुळें फुटलेलें एकेक काढून दुसरें बसवितां येतें, अवघें छप्पर बदलावें लागत नाहीं. हें काम मृगाच्या आधीं व्हावें लागतें, एवढेंच पथ्य.

घेणारा कोण येणार, ह्याचाही विचार ह्या ठिकाणीं केला पाहिजे, कारण धाकट्या भावाचा आक्षेप त्यावरच होता. जुन्या घराचीं गिऱ्हाइकें सामान्यतः तीन प्रकारचीं. एक राहावयास घेणारें; त्यास छप्पर, पाणी, वीज व शौचकूप धड हवें. दुसरें पाडावयास घेणारें. त्यास जागेचें माप व कागद हवे, फार तर जुनें सागवान हवें. तिसरें प्रवासी उतरविण्यास किंवा चित्रणास भाड्यानें देण्यास घेणारें. पांचगणी-महाबळेश्वराच्या वाटेवर असल्यामुळें वाईस अलीकडे तेंही येतें, आणि त्यास जुनेपण जसेंच्या तसें हवें असतें. आपण बसविलेल्या सरकत्या कांचा तें पहिल्या दिवशीं काढून टाकील. म्हणजे तिघांपैकीं एकासही चकचकीत फरशी नको आहे. पाडणाऱ्यापुरतें भावाचें म्हणणें बरोबर. पण नदीकांठच्या गांवांत पाडणाऱ्यालाही पूररेषा पाहावी लागते. निळ्या रेषेच्या आंत जागा आली, तर नव्या बांधकामास परवानगी मिळत नाहीं, आणि मग उभें असलेलें घर हीच त्या जागेची खरी किंमत. आपली जागा कोणत्या रेषेंत येते, हें विकणाऱ्यानें आधींच नकाशावरून पाहून ठेवावें.

आतां मुख्य अडचणीकडे वळतों. गवंड्याच्या हातोडीखालीं माजघरांतली मधली तुळई भद्द वाजली होती. खालून पाहतां कांहीं कळत नव्हतें. कडीपाटास मागें कधीं तरी तपकिरी रंग दिलेला होता, आणि त्याखालीं लांकडाचा वरचा पापुद्रा शाबूत होता. आंतून मात्र वाळवीनें हातभर लांबीचा गाभा खाल्ला होता. पुतण्या सहज म्हणाला, "हें कोणाला दिसणारच नाहीं. आणखी एक रंगाचा हात मारला म्हणजे झालं." तो मुलगा लबाड नाहीं, आजच्या बाजारांत जें सर्रास चालतें, तेंच त्यानें बोलून दाखविलें. आम्ही वडील मंडळीही क्षणभर गप्पच राहिलों, कारण तुळई बदलण्याचा खर्च कोणासच नको होता.

काकू देवघराच्या उंबऱ्याशीं वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनीं मान वर न करितां विचारिलें, "माजघरांत रात्रीं कोण निजतं रे?" कोणी उत्तर दिलें नाहीं. मग त्याच म्हणाल्या, "ह्या घरांत लहान मुलं नेहमीं माजघरांतच निजवलीं. तुम्ही सगळे तिथंच निजलांत. जो घर घेईल, त्याचींही तिथंच निजतील." एवढें बोलून त्या पुन्हां वाती वळूं लागल्या. त्यानंतर रंगाची गोष्ट कोणी काढिली नाहीं.

काकूंनीं जें सहज सांगितलें, तें शास्त्रासही संमत आहे आणि कायद्यासही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत सदोष वस्तु निर्दोष म्हणून विकणाऱ्यास किमतीच्या दुप्पट दंड सांगितला आहे. आणि आजही लागू असलेल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें ५५ वें कलम असें, कीं मिळकतींतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे, पण घेणाऱ्यास ठाऊक नाहीं व साधारण काळजी घेऊनही त्यास सांपडण्यासारखा नाहीं, तो विकणाऱ्यानें उघड करून सांगितला पाहिजे. रंगाखालची वाळवी ह्या वर्णनांत तंतोतंत बसते. उघड्या डोळ्यांस दिसणारी भिंतीची ओल घेणारा स्वतः पाहूं शकतो. रंगानें झांकलेली तुळई तो पाहूं शकत नाहीं. म्हणूनच झांकण्यासाठीं केलेला खर्च विकणाऱ्यास दुहेरी बाधतो. आधीं पैसा जातो, आणि मागाहून जबाबदारी गळ्यांत येते.

अखेर आम्हीं जें केलें त्याचा हिशेब असा. शाकारणी, दोन वासे व फुटक्या कौलांची भरती: ४२ हजार. चौकाच्या पन्हळी नव्या: १४ हजार. विजेच्या जुन्या तारा काढून नव्या: २६ हजार, कारण कापडाचें वेष्टण असलेल्या त्या तारा लांकडी पट्ट्यांवरून गेलेल्या होत्या व दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर तेथेंही 'होय' होतें. माजघरांतील तुळईच्या जागीं लोखंडी गर्डर: १८ हजार. न्हाणीची नाली व पायाखालची खडबडीत शहाबादी: ९ हजार. एकूण १ लाख ९ हजार रुपये. म्हणजे पहिल्या अंदाजाच्या चौथाईहून कमी. माजघराची ओलसर भिंत तशीच ठेविली. तिचा गिलावा चुन्यानें पुन्हां करणें हें सावकाशीचें काम आहे, आणि तें ज्यास तेथें राहावयाचें आहे त्यानेंच करावें, हें बरें. कामांच्या पावत्या जपून ठेविल्या. मिळकतीवरील नफ्याचा कर ठरवितांना घरांत कायमची भर घालणारा खर्च जमेस धरतां येतो. नुसती डागडुजी व रंग धरतां येत नाहीं. वडिलोपार्जित जुन्या घराची मूळ किंमत १ एप्रिल २००१ च्या बाजारभावानें धरतां येते, तेव्हां ह्या बाबतींत जाणत्या हिशेबनिसाचा सल्ला आधींच घ्यावा.

एक खर्च मात्र आम्हीं कसोटीबाहेर केला. काकूंच्या सांगण्यावरून तुळशीवृंदावनास व देवघरास चुन्याचा हात दिला. त्यानें किमतींत एका रुपयाची भर पडावयाची नव्हती, आणि ती पडावी अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. वास्तु हा शब्द वस्, म्हणजे राहणें, ह्या धातूपासून आला आहे. जेथें इतकीं वर्षें राहिलों, तेथून निघतांना देवाची जागा मळकी सोडूं नये, एवढाच त्यांतला भाव. कांहीं दुरुस्त्या घेणाऱ्यासाठीं असतात, कांहीं जाणाऱ्यासाठीं.

छपराइतकीच शाकारणी कागदांची लागते, आणि ती बहुतेक लोक शेवटास ठेवितात. आमच्या मिळकत पत्रिकेवर आजोबांच्या मागें फक्त मुलग्यांचीं नांवें लागलेलीं होतीं. आजोबा १९७१ सालीं निवर्तले. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलगी वडिलांच्या वारसांत आलेली होतीच. २००५ च्या सुधारणेनें एकत्र कुटुंबाच्या मिळकतींतही तिला जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला, आणि त्यासाठीं २००५ सालीं वडील हयात असण्याची आवश्यकता नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं दिला. आमच्या दोन आत्यांपैकीं एक हयात आहेत. दुसऱ्या आत्यांचीं तीन मुलें तीन गांवीं. त्या सर्वांस आम्हीं पत्रें लिहिलीं, वारसनोंदी करून घेतल्या, घरपट्टीची बाकी भरली. ह्यांत चार महिने गेले, पण रुपये फारच थोडे लागले. गळकें छप्पर पाहून घेणारा किंमत कमी करितो. गळका कागद पाहून तो उठूनच जातो.

श्रावणांत गिऱ्हाइकें येऊं लागलीं. भर पावसांत घर दाखविण्यास पुतण्या कचरत होता, पण शाकारलेल्या छपरास पावसाचें भय कसलें? पहिल्या गृहस्थांस आम्हीं तुळईची हकीगत सांगितली, काढलेली तुळई परसांत पडलेली दाखविली, आणि इतर लांकडावर दर वर्षीं नजर ठेवावी लागेल हेंही सांगितलें. ते "कळवितों" म्हणून गेले, ते पुन्हां आले नाहींत. पुतण्याचा चेहरा उतरला, आणि खरें सांगावयाचें तर माझाही उतरला. खरें बोलण्याचा तोटा असा रोख दिसतो. पाडून बांधणाऱ्या एका व्यापाऱ्यानें दोन लाख अधिक देऊं केले, परंतु परवानगी मिळेल तेव्हां व हप्त्याहप्त्यानें. काकूंस त्या हप्त्यांची वाट पाहण्याइतका अवकाश नव्हता. भाद्रपदांत गांवांतच भाड्यानें राहणारें एक शिक्षक जोडपें आपला गवंडी घेऊन आलें. त्या गवंड्यानेंही माडीवर जाऊन अंधार केला, आणि एकही कवडसा न दिसल्यावर खालीं उतरला. माजघराच्या ओल्या भिंतीपोटीं त्यांनीं जी रक्कम तोडली, ती वाजवी होती. आम्हीं वाद घातला नाहीं. इसार दिवाळींत झाला. खरेदीखत पौषानंतर व्हावयाचें आहे. काकू आपल्या धाकट्या मुलीकडे कोल्हापुरास गेल्या आहेत, आणि देवही त्यांच्याबरोबरच गेले.

ज्या कुटुंबांपुढें हा प्रसंग उभा आहे त्यांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें, कीं पुढच्या मृगाची वाट न पाहतां, पावसाळ्याच्या निदान दोन महिने आधीं, सर्व हिस्सेदारांनीं, मुलीबाळींसह, त्या घरांत दोन दिवस एकत्र राहावें. एका दुपारीं माडीवर अंधार करून छप्पर पाहावें, दुसऱ्या दुपारीं कागद पाहावे, आणि घरांत जें कोणी वडीलधारें माणूस अखेरपर्यंत राहिलें असेल, त्यास शेजारीं बसवून प्रत्येक कामाविषयीं विचारावें. घर कोठें गळतें, हें त्यास गवंड्याहून आधीं ठाऊक असतें.